ग्रहणातली भाकरी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आलं आणि आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगीत शहाण्यासारखं वागणारं एकही माणूस उरलं नाही. मी धरून.

सुरुवात तळमजल्यावरच्या तात्यासाहेबांनी केली. गंगापूरकडे यांचा ऊस, इथं पोराचा फ्लॅट, पोरगा-सून बंगळुरूला आणि बिल्डिंगीचा कारभार यांच्याकडे. पहाटे अंधारात उठून ते टेरेसवर गेले आणि सगळ्यांच्या पाण्याच्या टाकीत तुळशीची पानं टाकून आले. मग टेरेसला कुलूप लावलं. मग ग्रुपवर मेसेज टाकला की वेध लागले आहेत, कुणी काही खाऊ-पिऊ नये, टेरेस उद्यापर्यंत बंद. सकाळी सहाला माझ्या सिंकच्या नळातून बारीक धार येत होती. जाळी उघडून बघितली तर तुळशीचं पान.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहण बघायचे खास चष्मे मी महिनाभर आधी मागवून ठेवले होते. रविवारी स्वतः प्रत्येक दारी जाऊन सांगून आले होते की मंगळवारी संध्याकाळी पोरांना वर पाठवा, मी नीट दाखवते, डोळ्यांना काही होत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. "हो मॅडम, पाठवू की." आणि मंगळवारी सकाळपासून फोनवर तेच गाणं: आजी नको म्हणतात, पोराला सर्दी आहे, आम्ही मामाकडे निघालो. एकाही घरातून एकही पोर येणार नव्हतं.

पण या लोकांचा मला इतका राग आला नव्हता. त्यांच्याकडून माझी अपेक्षाच मुळात कमी असते. राग आला तो सासूबाईंचा.

माझ्या सासूबाई, गोजरबाई, देवगाव रंगारीच्या. आयुष्य शेतात आणि गावात गेलं, लॉकडाऊननंतर आमच्याकडे राहायला आल्या. आमच्या घरात भिंतीवर तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, आणि त्यांच्याखाली बसून माझ्या नवऱ्याला, राजकुमारला, बावीस प्रतिज्ञा पाठ करायला लावणाऱ्या याच बाई. गावात कुणी अंगात आलंय म्हणून घुमायला लागलं तर "हिला आधी जेवू घाला, उपाशी दिसती," असं म्हणणाऱ्या. आणि या बाई मंगळवारी सकाळी म्हणाल्या, "मला नको वाढू. भूक नाय."

मी त्या दिवशी मुद्दाम बाजरीच्या भाकरी टाकल्या होत्या, वांगं भाजलं होतं, हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. खरं सांगायचं तर हे सगळं भुकेसाठी नव्हतं. ठेच्याचा खमंग वास डक्टमधून तळमजल्यावर तात्यासाहेबांच्या नाकापर्यंत जावा, म्हणून होतं. ते वेध पाळत बसले असतील तेव्हा त्यांना कळू दे, वर कुणीतरी माणसासारखं जेवतंय. आणि माझ्याच घरात जेवायला कुणी नाही!

"ग्रहण पाळताय का तुम्ही?" मी सरळ विचारलं.

"म्या कामून पाळू?"

"मग जेवा ना."

"भूक नाय म्हनलं ना."

दुपारी पुन्हा तेच. चहा नको, बिस्किट नको. पाणी तेवढं पीत होत्या, तेही तुळशीचंच म्हणायचं. मी राजकुमारला फोन लावला. तो वाळूजला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी दुप्पट मिळतात म्हणून ड्यूटीवर गेलेला. तो म्हणाला, "अगं, ती गिऱ्हाणात कधीच जेवत नाही. लहानपणापासून बघतो मी. विचारलं की चिडते. तू तिच्या नादी लागू नको."

म्हणजे हे जुनंच होतं! मला वाटत होतं की ही भागूबाईंच्या संगतीची लागण आहे.

भागूबाई म्हणजे तात्यासाहेबांची बायको. सासूबाईंची आणि तिची गट्टी कशी जमली कुणास ठाऊक, पण रोज दुपारी दोघी जिन्यात बसायच्या. मेथी निवडायच्या, शेंगा सोलायच्या, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. "गोजर, खाली ये गं," अशी हाक आली की सासूबाई टीव्हीवरची मालिका अर्धी सोडून जायच्या. भागूबाईंकडून आमच्याकडे डबे यायचे, पुरणपोळी यायची, आणि परवाच फराळाचं ताट आलं होतं. आमच्याकडून मात्र खाली काही गेलं की त्यांचा नेमका उपवास असायचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नाहीतर पोटात गुडगुडतंय. इतक्या दिवसांत त्या बाईंनी आमच्या घरात घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. हे मी सासूबाईंना एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "जाऊ दे. तिच्या मनात काय नाय." मनात काही नसताना बरोबर आमच्याच दिवशी उपवास कसा येतो, हे मला विज्ञानानं कधी उलगडलं नाही.

तर दुपारभर मी धुमसत होते. मला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी ते ग्रहण बघावं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं, आता त्या सुईत दोरा ओवत होत्या. आणि बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकदाही ग्रहण बघितलं नव्हतं. आपल्याकडून नीट दिसेल असं पुढचं ग्रहण पाच वर्षांनी. त्या वयाला पाच वर्षं म्हणजे काय भरवसा! आज सूर्य बुडायच्या आत त्यांना वर न्यायचं, चष्मा लावायचा आणि दाखवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी बिल्डिंग गेली उडत.

साडेचारला मी चावी मागायला खाली गेले. तात्यासाहेब ओल्या धोतरानं पाटावर बसून जप करत होते. मौन. मी म्हटलं, "काका, टेरेसची चावी." त्यांनी डोळे उघडले, माळ धरलेला हात हलवून नाही म्हणाले. मी म्हटलं, "काका, टेरेस सगळ्यांची आहे." त्यांनी भुवया वर केल्या, छताकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग कपाळावर हात मारला. एवढे हावभाव करताना जप चालू होता की बंद पडला होता, देव जाणे. माळ मात्र थांबली नव्हती.

भागूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "टीव्हीच्या मागं हाय बघ, तूच घे. म्या आत्ता कशाला हात लावीत नाय."

मी चावी घेतली. मागून तात्यासाहेबांचा "हूं!" ऐकू आला. मौनात एवढं चालत असावं.

वर जाऊन मी एकटीच उभी राहिले. सूर्य स्टेशनच्या बाजूला खाली चालला होता. चष्मा लावला. थोडा वेळ काहीच नव्हतं, नुसती केशरी टिकली. आणि मग उजव्या कडेला एक छोटासा तुकडा नाहीसा झाला. भाकरीचा एखादा घास तोडावा तसा. इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढून शिकवलेलं ते समोर खरंच घडत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच चीड आली. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या बिल्डिंगीच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. एवढं मोठं आकाश, फुकट, आणि बघायला मी एकटी. मला रडू येईलसं वाटलं. मी धाडधाड जिना उतरून घरात गेले.

"आई, उठा. वर चला."

"मला काय करायचंय बघून?"

"मी तुमच्याकडं आजपर्यंत काही मागितलं का? आज मागते. चला."

माझा आवाज चढला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय वाटलं कुणास ठाऊक, पदर खोचला आणि उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत दाराबाहेर आल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, टेरेस फक्त एक जिना वर. माझ्या मनात आलं, झालं, जमलं.

तेवढ्यात खालून भागूबाई वर आल्या. दोन्ही हातांत सूप. सुपात गहू, थोडे तीळ, गुळाचा खडा, वर घडी घातलेलं जुनं लुगडं. धापा टाकत होत्या.

"गोजर, बरं झालं भेटली. माही पंचाईत झाली बघ. गिऱ्हाणाचं दान द्यायचंय, अन् घेनारं कुनीच नाय. मंदिरापुढचे लोकबी आज उठून गेले. झाडूवाली सुट्टीवर. आमच्या गंगापुरात कसं, गिऱ्हाण लागलं की गल्लीत हाळी यायची. हितं कुनी हाळीबी देत नाय. दान दिल्याबिगर कसं सुटायचं?" त्यांनी सूप पुढं केलं. "तूच घे ना माय. तुझ्याएवढं जवळचं कोन हाय मला? अन् तुमच्यात तर घेत्यातच की पहिल्यापासून."

आपण हे खरंच ऐकलं का, तेच मला कळेना. मग डोक्यात एकदम जाळ झाला.

"मावशी, काय बोलताय तुम्ही? कळतंय का?"

भागूबाई गोंधळल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे तर जास्त संतापाचं होतं. मी आणखी बोलणार होते, पुष्कळ बोलणार होते, सकाळपासूनचं सगळं तयारच होतं. पण सासूबाईंनी माझा दंड धरला. घट्ट. आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"हाळी म्या द्यायची," त्या म्हणाल्या. "दे दान, सुटे गिऱ्हाण. देवगावात. मायसंग. सात-आठ वर्साची असंन. माय पदर पसरायची अन् म्या वरडायची. माहा आवाज मोठा व्हता. लोक वट्यावर उभे, आमी खाली. वरून टाकायचे. दाने पदरात कमी अन् मातीत जास्त. मंग ते म्या येचायची. उभ्यानं द्यायचे, उभ्यानंच घालवायचे. बस कुनी म्हनलं नाय कधी."

भागूबाईंच्या हातात सूप तसंच होतं.

"मंग माह्या बापानं दीक्षा घेतली. त्याच्यानंतर पहिलं गिऱ्हाण आलं. बापानं आमाला आत घेतलं अन् दार लावलं. म्हनला, आज कुनी भाईर जायचं नाय. घरात एक दाना नव्हता. आमाला वाटलं, गाव आता इसरून जाईन. पर गाव आलं की! वस्तीच्या कडंला येऊन उभं ऱ्हायलं, सुपं घेऊन. आमी घेतल्याबिगर त्याहिचं गिऱ्हाण सुटत नव्हतं ना. गहू हाय म्हनं, गूळ हाय म्हनं, या भाईर. हाका मारू लागले. मंग शिव्या देऊ लागले. धाकला भाऊ भुकेनं रडू लागला, तर बापानं त्याच्या तोंडावर हात ठिवला. त्याचा आवाज भाईर गेला असता तर बाप हरला असता. आंधार पडोस्तर बसलो तसंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तवापासून गिऱ्हाणात म्या जेवत नाय. राहू-केतूचं नाय गं. माह्या बापाचं हाय."

सकाळपासून मी यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! आणि हे एवढं सगळं पोटात ठेवून, माझ्या त्या ठेच्याच्या वासात, दिवसभर गप्प बसायची काय गरज होती? सांगितलं असतं तर? मला त्यांचाही राग आला. सगळ्यांचाच येत होता.

"गोजर," भागूबाई म्हणाल्या, "मला तसं नव्हतं म्हनायचं."

"म्हनायचं नव्हतं. पर म्हनली ना तू."

खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर पार वर चढलं होतं. म्हणजे सूर्य बुडायला आला होता. एवढं होऊनही माझं निम्मं लक्ष त्या उन्हाकडे होतं, हे मी लपवत नाही. मी म्हटलं, "आई, वेळ जातोय. बघायचंय का नाही?"

"बघू चल," त्या म्हणाल्या. "दारामागं बसून चुकलं व्हतं. काय व्हतं ते तरी बघू."

भागूबाईंना तिथंच सोडून आम्ही वर गेलो. सूर्य दूरच्या बिल्डिंगींवर टेकायला आला होता. मी त्यांना कठड्याशी उभं केलं, चष्मा लावला, हनुवटी धरून मान बरोबर वळवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. सूर्याची एक बाजू चांगलीच खाल्ली गेली होती. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील. हरखतील. मी शिक्षिका आहे, माणूस पहिल्यांदा काही बघतं तेव्हाचा चेहरा मला ओळखता येतो, आणि त्यासाठीच तर मी हा आटापिटा केला होता.

त्यांनी चष्मा काढला.

"येवढंच?"

"म्हणजे?"

"येवढीशी सावली?" त्यांचा आवाज फाटला. "येवढ्यापायी मातीतले दाने येचायला लावले व्हय मायला? येवढ्यापायी?"

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी चंद्र-सूर्य-पृथ्वीचं काहीही सांगितलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बघता बघता तो अर्धवट सूर्य तसाच इमारतींमागे गेला.

मागं वळलो तर टेरेसच्या दारात भागूबाई. उंबऱ्याच्या आत, सूप हातात, डोळे खाली, चुकून आकाश दिसू नये म्हणून.

"सुटलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "सुटायच्या आधीच बुडाला." आणि हे सांगताना मला जरा समाधान वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

"मंग आता?"

"आता तुमच्या शास्त्राप्रमाणं उद्या सकाळी स्वच्छ सूर्य बघेपर्यंत जेवायचं नाही. काकांना विचारा."

काकांनी तेच सांगितलं असणार, कारण रात्री त्यांच्या घरातून भांड्यांचा आवाज आला नाही. इकडे सासूबाईंनीही काही खाल्लं नाही. राजकुमार बाहेरच खाऊन आला होता. मी एकटी ताट घेऊन बसले, एक घास घेतला आणि उठले. सकाळी कोणाला तरी धडा शिकवायला म्हणून टाकलेल्या त्या भाकरी फडक्यात तशाच राहिल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात येत होतं, तात्यासाहेबांची माळ आणि माझा ठेचा यांत तसा फरक काय? दोघांनाही दिवसभर दुसऱ्याला दाखवायचंच तर होतं. ज्या बाईला कुणाला काही दाखवायचं नव्हतं तीच एकटी उपाशी होती. म्हणजे ग्रहण खरं तिनंच पाळलं. हा विचार मला आवडला नाही, आणि झोपही लागली नाही.

सकाळी ऊन आलं तसं दार वाजलं. मी उघडलं. भागूबाई. न्हालेल्या, केस ओले, हात रिकामे. डोळे सुजलेले होते.

मला पुन्हा राग आला. म्हटलं, आता माफीबिफी मागतील आणि सासूबाई लगेच "जाऊ दे" म्हणतील, आणि परत मेथी निवडायला बसतील. मी दारातून हलले नाही.

"गोजर हाय का?"

सासूबाई मागून आल्या.

"लई भूक लागलीय मला," भागूबाई म्हणाल्या. "काल पहाटेपासून पोटात काय नाय. वाढ काहीतरी."

मी म्हटलं, "मावशी, आज बुधवार आहे. कसला उपवास नाही ना?"

टोमणा त्यांना लागला. पण त्या हलल्या नाहीत.

"नाय," त्या म्हणाल्या. "आज काय नाय."

मी नाइलाजानं म्हटलं, "थांबा, ताजी टाकते."

"कालची हाय ना? कालचीच दे."

"ती ग्रहणात केलेली आहे. तुम्ही तर टाकून देता असलं."

"ठाऊक हाय. दिसभर वास येत व्हता खाली." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कालचीच दे."

सासूबाई आत गेल्या. फडक्यातली भाकरी काढली, तिच्यावर भरीत आणि ठेचा ठेवला आणि दाराशी आल्या. भागूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही तळहात एकाला एक लावून पुढं केले.

सासूबाई त्या हातांकडे बघत थांबल्या. मी अगदी खरं सांगते, मला वाटत होतं की त्यांनी तिथूनच द्यावं. वरून टाकावं. एकदा तरी या बाईंना कळू दे, पसरलेल्या हातात वरून पडतं तेव्हा कसं वाटतं. मी त्याची वाटच बघत होते.

"हात खाली घे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात उभ्यानं देत नसत्यात. आत ये. बस."

आणि मला म्हणाल्या, "रूपा, ताटं काढ. मलाबी भूक लागलीय."